'तक्रार' की 'त्रास'? दुखणे नोंदवण्याच्या शब्दाविषयी

दीर्घकाळ दुखणे असलेल्या रुग्णांसाठी माहितीपत्रक तयार करणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, केसपेपरवर 'रुग्ण दोन वर्षांपासून कंबरदुखीची तक्रार करते' असे जे लिहिले जाते, त्यातला 'तक्रार' हा शब्द रुग्णाला कमी लेखणारा आहे का, आणि असल्यास त्याऐवजी काय लिहावे. डॉक्टरांनी आपले दुखणे मनावर घेतले नाही असा अनुभव आलेल्या अनेकींना हा शब्द खुपतो, असेही त्यांनी कळवले आहे.

'तक्रार' हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'पुनरावृत्ती', म्हणजे तेच पुन्हा करणे किंवा म्हणणे, असा आहे. हिंदी-उर्दूत 'तकरार' म्हणजे वादावादी झाली आणि मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. वैद्यकीय नोंदीत हा शब्द 'चीफ कम्प्लेंट' (मुख्य तक्रार) या ठरीव इंग्रजी शीर्षकाचे भाषांतर म्हणून येतो, आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरच्या मनात बहुतेक वेळा रुग्णाविषयी काहीही वावगे नसते. चार दिवसांच्या तापात तो कोणाला खटकतही नाही.

जुनाट दुखण्यात मात्र शब्दाचा तो मागे पडलेला मूळ अर्थ वर येतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना म्हणजे दीर्घकालीन वेदना, अशी वैद्यकातली व्याख्या आहे. म्हणजे पुन्हा पुन्हा होणे हे या दुखण्याचे लक्षणच आहे आणि ते पुन्हा पुन्हा सांगणे रुग्णाला भागच आहे. आता अशा सांगण्याला मराठीत कोणते शब्द आहेत ते पाहा : किरकिर, कुरकुर, पिरपिर, तुणतुणे, रडगाणे. पहिले तिन्ही द्विरुक्त आहेत, तुणतुणे एकाच तारेवर वाजते, आणि या सर्वांतला दोषारोप दुखण्यावर नसून ते परत सांगण्यावर आहे. 'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण याच वृत्तीची आहे. ज्या कारणाने दुखण्याला 'जुनाट' म्हणायचे, त्याच कारणाने ते सांगणाऱ्याला 'तक्रारखोर' ठरवायचे, हा अन्याय आहे, आणि 'तक्रार' हा शब्द त्याला नकळत हातभार लावतो, असे माझे मत आहे.

खरी अडचण नामापेक्षा क्रियापदात आहे. 'माझी कंबर दुखते' या वाक्यात कर्ता कंबर आहे. 'मला कळ येते' यात कळ आपण होऊन येते आणि 'मला' ही व्यक्ती तिचा अनुभव घेते. दुखणे ही मराठीच्या व्याकरणात माणसाने करायची गोष्टच नाही. 'तक्रार करते' असे लिहिताच रुग्ण कर्ता होते आणि जे घडत होते ते तिचे कृत्य होऊन बसते. आजारपणाचे आपले जुने शब्द असे नाहीत. 'रुग्ण' आणि 'रोग' हे दोन्ही संस्कृत 'रुज्' या धातूपासून आले, ज्याच्या अर्थात मोडणे आणि वेदना देणे दोन्ही आहे. फारसी 'आजार' म्हणजे पीडा. आणि 'दुखणे' हा शब्द तर आपण वेदना आणि आजार या दोन्हींसाठी वापरतो, त्यातूनच 'दुखणेकरी' आला. तीन वेगवेगळ्या घरांतून आलेल्या या शब्दांच्या मुळाशी वेदना आहे. 'तक्रार' शब्दात ती नाही. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवू नये हे मला मान्य आहे, परंतु येथे व्युत्पत्ती आणि व्याकरण एकाच दिशेला बोट दाखवतात.

याहून अधिक काळजी घ्यावी अशी जागा म्हणजे 'असल्याचे सांगते' आणि 'म्हणे'. 'रात्री झोप लागत नाही' हे विधान आहे, 'रात्री झोप लागत नसल्याचे सांगते' हे हात राखून केलेले विधान आहे, आणि 'रात्री झोप लागत नाही म्हणे' यात सरळ अविश्वास आहे. अशा छटांचा परिणाम वाचणाऱ्यावर होतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिकलसेल या, तीव्र वेदना देणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या एका काल्पनिक रुग्णाच्या दोन नोंदी वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना वाचायला दिल्या होत्या. दोन्हींतली वैद्यकीय माहिती सारखी होती, फक्त एकीची भाषा तटस्थ आणि दुसरीची रुग्णाविषयी शंका घेणारी होती. शंकेची नोंद वाचणाऱ्यांचे रुग्णाविषयीचे मत अधिक प्रतिकूल झाले आणि त्यांनी वेदनेवर सुचवलेले उपचारही सौम्य होते. पहिल्या डॉक्टरच्या वाक्यरचनेतली शंका अशी पुढच्या डॉक्टरच्या औषधापर्यंत पोहोचते.

'तक्रार' या साचेबंद शब्दाने आणखी एक नुकसान होते : रुग्णाचा स्वतःचा शब्द हरवतो. मराठीत ठणका वेगळा, चमक वेगळी, सल वेगळा, रग वेगळी. पायाची भगभग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगते तेव्हा ती निदानाच्या कामाची माहिती देत असते, कारण आग, मुंग्या आणि विजेचा झटका बसल्यासारखी कळ ही मज्जातंतूंतून उद्भवणाऱ्या वेदनेची ओळखीची लक्षणे आहेत आणि तिचा उपचार साध्या स्नायुदुखीहून निराळा असतो. केसपेपरवर 'पायदुखीची तक्रार' एवढेच उतरले, तर हे सगळे पुसले जाते. वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी जी वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती वेदनेच्या 78 वर्णनात्मक शब्दांवर उभी आहे. मराठीतही तेवढा शब्दसाठा सहज निघेल, आणि माहितीपत्रकात त्यातले दहा-पंधरा शब्द अर्थासह दिल्यास रुग्णांना डॉक्टरांपुढे नेमके बोलता येईल.

'तपासणीत काही निघाले नाही' हे वाक्यही पत्रकात जसेच्या तसे येऊ देऊ नये. त्यातला 'काही' फार मोठा आहे. ऐकणारीला तो 'तुम्हाला काही झालेले नाही' असा ऐकू येतो. फायब्रोमायल्जियाचे (अंगभर दुखत राहण्याच्या विकाराचे) निदान करणारी रक्ततपासणी किंवा एक्स-रे नाही, आणि एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) वरवरचे व्रण साध्या सोनोग्राफीत सुटू शकतात. म्हणून 'या तपासण्यांत वेदनेचे कारण दिसले नाही' असे लिहावे. वाक्य लांबते, पण खरे होते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली सुधारलेल्या, वेदना म्हणजे काय या व्याख्येच्या टिपांमध्ये, व्यक्तीने आपल्याला वेदना होत असल्याचे सांगितल्यास त्या सांगण्याचा आदर राखला जावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

आता पर्यायाविषयी. शीर्षकासाठी 'मुख्य त्रास' हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तो घडवावा लागत नाही. 'काय त्रास होतो?' असे डॉक्टर विचारतातच. 'वेदना-निवेदन', 'लक्षण-कथन' अशी जोडशब्दांची नाणी पाडण्याची गरज नाही, आणि 'गाऱ्हाणे' हा शब्द तर 'तक्रार' शब्दाचे सर्व दोष घेऊनच येतो. शीर्षकाखालच्या मजकुरात मात्र नाम शक्यतो टाळून क्रियापद ठेवावे. आपले मूळ वाक्य मी असे लिहीन : 'दोन वर्षांपासून कंबर दुखते; उठताना चमक येते, रात्री ठणका लागतो.'

'तक्रार' हा शब्द पत्रकातून पूर्णपणे काढावा असे मात्र नाही. दुखणे ऐकूनच घेतले गेले नाही, तपासण्याआधीच 'मानसिक आहे' असे सांगून परत पाठवले गेले, तर त्याविरुद्ध रुग्णालयाकडे लेखी दाद कशी मागावी हे सांगणाऱ्या भागात 'तक्रार करणे' हाच नेमका शब्दप्रयोग आहे, आणि तेथे रुग्णच कर्ता असली पाहिजे.