लोजबानमधील उपपदे आणि नकार

प्रश्न : आमच्या घरी मराठी आणि बाजारात कन्नड चालते, या दोन्ही भाषांत इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखी उपपदे नाहीत. लोजबान या तर्काधिष्ठित कृत्रिम भाषेत मात्र नकारार्थी वाक्यातले उपपद बदलले की विधानाचा अर्थच पालटतो, असे वाचले. हे कसे घडते?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : आपण वाचले ते जुन्या नियमाला धरून आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याकरणानुसार ‘लो’ या उपपदात ‘किमान एक’ आणि ‘ले’मध्ये ‘माझ्या मनात आहेत ते सर्व’ अशी संख्या अध्याहृत असे, तर विधेयाआधीचा ‘ना’ संपूर्ण विधानच खोटे ठरवत असे. त्यामुळे ‘लो गेर्कू ना क्लामा’ म्हणजे ‘किमान एक कुत्रा येतो, हे खोटे’, अर्थात एकही कुत्रा येत नाही. ‘लो’च्या जागी ‘ले’ घातला, तर ‘ते सर्व कुत्रे येतात, हे खोटे’ एवढेच उरते, आणि त्यांतला एक जरी आला नाही तरी वाक्य खरे ठरते.

हा पेच आपल्याला परका नाही. ‘निपाणीच्या सगळ्या गाड्या सुटल्या नाहीत’ असे बेळगावच्या बसस्थानकावर कोणी सांगितले, तर एकही सुटली नाही की काही अजून सुटायच्या आहेत, हे पुन्हा विचारावे लागते. लोजबानमध्ये ही शंका ‘नाकू’ या दुसऱ्या नकारदर्शक शब्दाने मिटते, कारण त्याचा अंमल तो जिथे उच्चारला जातो तिथूनच पुढे चालतो : ‘रो’ म्हणजे ‘सर्व’, म्हणून ‘रो लो गेर्कू ना क्लामा’ म्हणजे सर्वच कुत्रे येतात असे नाही, पण ‘रो लो गेर्कू नाकू क्लामा’ म्हणजे एकही येत नाही. ‘नाकू’ संख्येच्या अलीकडे-पलीकडे हलवता येतो. मात्र तसे करताना ‘सर्व’चे ‘किमान एक’ आणि ‘किमान एक’चे ‘सर्व’ करावे लागते.

पुढे ‘खोर्लो’ नावाच्या सुधारणेने उपपदांतली अध्याहृत संख्या काढून टाकली. आता नुसता ‘लो गेर्कू’ कोणतीही संख्या सुचवत नाही, त्यामुळे नकार त्याच्या आत असो वा बाहेर, अर्थ तोच राहतो. संख्या हवी असेल तर ‘रो’ (सर्व) किंवा ‘सुहो’ (किमान एक) स्पष्ट म्हणावे लागते. संदिग्धता टाळण्याचा दावा करणाऱ्या भाषेला, माझ्या मते, हेच अधिक शोभते. जुने लेखन वाचताना मात्र ते कोणत्या नियमाने लिहिले आहे, हे आधी पाहावे.