म्हैसमाळ, धुकं आणि सीताफळं

प्रश्न : आम्ही चौघी बहिणींनी सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असं ठरवलंय. दोन दिवस पुरतील का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दिवस पुरतील, पण दोन्हीकडे दार बंद मिळेल. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. बेत तेवढा उलटा करा. इतका नेमका चुकलेला बेत मी बऱ्याच दिवसांनी पाहिला!

प्रश्न : ताई, आमचं लग्न १९८८च्या मे महिन्यातलं. हे तेव्हा जिनिंगमध्ये कारकून होते. महाबळेश्वर परवडणारं नव्हतं, म्हणून लग्नानंतर दोन दिवस खुलताबादजवळच्या डोंगरावर, म्हैसमाळला गेलो. ते धुकं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, चार हातांवरचं दिसत नव्हतं. येताना ह्यांनी दौलताबादला पाटीभर सीताफळं घेतली, गाडीत माझ्या मांडीवर ठेवली आणि माझी नवी साडी डागाळली. आता हे म्हणतात, येत्या लग्नाच्या वाढदिवसाला तिथंच जाऊ, जमलं तर तीच खोली घेऊ. मुलगा म्हणतो, तिथं आता काही राहिलं नाही, मी गोव्याचं तिकीट काढतो. माझे गुडघे दुखतात. खरं सांगा, जावं का?
— एक वाचक, सेलू

उत्तर : जावं. पण मे महिन्यात मुळीच नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यातला हिशोब जुळेना. लग्न मे महिन्यातलं, आणि आठवणीत धुकं? मे महिन्यात म्हैसमाळला धुकं नसतं, धूळ असते. शिवाय सीताफळं. दौलताबादच्या सीताफळांचा हंगाम पाऊस सरता सरता सुरू होतो, तो दिवाळीपर्यंत आणि थोडा पुढे. म्हणजे तुम्ही लग्नानंतर लगेच गेलाच नाहीत. पाच-सहा महिन्यांनी, नवरात्राच्या आगेमागे गेलात, बहुधा दिवाळसणाला माहेरी जायच्या आधी. ह्यांना विचारून बघा. हे नाही म्हणाले तरी मी सीताफळांवरच विश्वास ठेवीन.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे एवढं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. म्हैसमाळला ‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’ म्हणतात, आणि ह्या टोपणनावानंच त्याचं नुकसान केलं असं माझं मत आहे. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० फूट, महाबळेश्वर त्याहून हजारेक फूट उंच. पण खरा फरक उंचीचा नाही. अरबी समुद्रावरून भरून आलेले ढग आधी सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात, आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हैसमाळची बरीचशी झाडं पानगळीची आहेत. आषाढापासून आश्विनापर्यंत डोंगर असा हिरवा होतो की ओळखू येत नाही, आणि फाल्गुनात झाडांचे नुसते खराटे राहतात. वैशाखात काळा दगड तापतो, पाण्याची ओढ असते. महाबळेश्वरच्या भरवशावर मे महिन्यात तिथं गेलेला माणूस परत येऊन ‘काही नाही तिथं’ असंच सांगणार. तुमचा मुलगा कधी गेला होता, ते विचारा.

आता ‘काही राहिलं नाही’ ह्याबद्दल. मी गेल्या भाद्रपदात आमच्या ह्यांना घेऊन एक रात्र राहून आले. शाळेची सहल घेऊन आठ-दहा वेळा गेले असेन, पण मुक्काम पहिल्यांदाच. खोली कशी होती? पावसानं खिडकीची चौकट फुगलेली, तावदान शेवटपर्यंत लागेना. गीझरचा दिवा लाल लागायचा आणि नळाला पाणी गारच. पोरानं शेवटी चुलीवर तापवलेली बादली आणून दिली, तिला धुराचा वास. पांघरूण दमट. आणि गंमत बघा, बाहेर डोंगरावर दूरदर्शनचा उंच मनोरा उभा, आणि खोलीतल्या टीव्हीला चित्र नाही! आमचे हे मीटरचा आकडा वाचावा तसं म्हणाले, “एवढ्यात लोणावळा झालं असतं.” झालं नसतं, पण मी वाद घातला नाही.

चार वाजता बाहेर पडलो. एका टपरीवर ताडपत्रीखाली बसून मक्याचं कणीस खाल्लं. अर्धं मी खाल्लं, अर्धं एका वानरानं माझ्या हातातून नेलं. नावाला जागून माळावर म्हशी चरत होत्या. मग खालच्या दरीतून धुकं वर चढायला लागलं. आधी म्हशी गेल्या, नुसत्या गळ्यातल्या घंटा राहिल्या. मग मनोऱ्याचा शेंडा गेला, मग अख्खा मनोरा. आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, मनोरे-खांब सोडून दुसरं काही फारसं न बघणारे. ते तिथं पाऊण तास उभे राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. रात्री जेवायला पिठलं, ज्वारीची भाकरी आणि खलबत्त्यातला ठेचा. दुसरं काही मिळतच नव्हतं, त्यामुळे काय घ्यायचं ह्यावर चर्चाही झाली नाही.

म्हणजे राहिलंय ते एवढं. खोल्यांकडून काही अपेक्षा धरू नका. चादरी, उशीचे अभ्रे, टॉर्च, प्यायचं पाणी आणि दशम्या-चटणी घरून न्या. एकच रात्र रहा. आणि ‘तीच खोली’ हे ह्यांच्या डोक्यातून आधी काढा. अडतीस वर्षांत एक तर तिच्यावर मजला चढला असेल, नाही तर कुलूप. ती शोधण्यात अख्खी सकाळ जाईल आणि दोघांचं भांडण होईल. लग्न माझंही जुनं आहे, मला ठाऊक आहे.

गुडघ्यांसाठी म्हैसमाळ गोव्यापेक्षा बरं. माथा पसरट आहे, गाडी वरपर्यंत जाते. गिरिजामातेचं आणि बालाजीचं दर्शन घ्या आणि माळावर जमेल तेवढं सावकाश फिरा. दौलताबादचा किल्ला मात्र खालूनच बघा. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्या तुमच्यासाठी नाहीत. वेरूळला सगळ्या ३४ लेण्यांच्या मागे लागू नका. एकटं सोळावं, कैलास, अंगणात फिरून बघितलं तरी दोन तास जातात. मंगळवार सोडून, हे वर लातूरच्या बहिणींना सांगितलंच आहे.

दिवस कुठले धरायचे? शनिवार-रविवार नको. पावसाळ्यात संभाजीनगरची सगळी तरुण पोरं मोटारसायकली घेऊन वर येतात. १७ सप्टेंबरही नको, मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. श्रावणातली शुक्रवारची रात्रही टाळा, भद्रा मारुतीला शहरातून चालत निघालेल्या लोकांनी खुलताबादचा रस्ता भरलेला असतो. मी गेले ती वेळ तुम्हाला सांगते, कुणाला सांगू नका : पितृपंधरवडा. त्या दिवसांत आपल्याकडे कुणी सहलीला निघत नाही. हिरवं शाबूत असतं, धुक्याची आशा असते आणि खोलीवाला भाव थोडा खाली आणतो. तुमच्या घरचं पित्र उरकून घ्या आणि सर्वपित्री अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधी निघा. पुढं नवरात्रात देवीला गर्दी. घरच्या पित्रानंतर तीन दिवसांनी हिंडायला जाणं तुम्हाला प्रशस्त वाटणार नसेल तर तेही मी समजू शकते. आमच्याकडे माझ्या नणंदेनं त्यावर बरंच ऐकवलं.

सेलूहून संभाजीनगरपर्यंत रेल्वेनंच या. १९८८मध्ये तुम्ही छोट्या लाईनच्या गाडीनं आला असाल, आता मोठी लाईन आहे, तरी साडी सांभाळा. स्टेशनहून मध्यवर्ती बसस्थानकात रिक्षानं जा. तिथून खुलताबादला एसटी सारखी मिळते. तुमचं तिकीट अर्धं, आणि ह्यांनी पासष्टी ओलांडली असेल तर त्यांचंही अर्धं, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. खुलताबादहून म्हैसमाळ बारा किलोमीटर. त्या टप्प्याला बसची वाट बघत बसू नका, रिक्षा ठरवा आणि परतीचं त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

खुलताबादला घाईनं पुढं जाऊ नका. औरंगजेबाची कबर सगळे बघतात, उघड्या आभाळाखालची साधी कबर, वर सब्जाचं रोप. पण त्याच गावात मलिक अंबरचा मकबराही आहे. खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवणारा, त्या कोरड्या गावाला नहरीनं पाणी देणारा माणूस, १६२६मध्ये गेला. आम्ही गेलो तेव्हा तिथं आम्ही दोघं आणि एक शेळी, एवढेच. नववीच्या वर्गात त्याच्या नहरी मी दरवर्षी फळ्यावर काढायची, उतार कसा साधला ते दाखवायला. मकबऱ्याच्या सावलीत बसून आम्ही दशम्या खाल्ल्या आणि ह्यांनी पहिल्यांदाच मला त्या नहरींबद्दल विचारलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर.

परतताना बस दौलताबादवरून जाते. किल्ल्यासमोर उतरा. रस्त्याच्या कडेला बायका पाट्या घेऊन बसलेल्या असतात. तेव्हा हंगामाची नुकती सुरुवात असेल, भाव चढा सांगतील, घासाघीस करा. डोळे उघडलेली, बोट लावताच दबणारी फळं नकोत, सेलूपर्यंत टिकायची नाहीत. टणक बघून घ्या, घरी तांदळात ठेवा. आणि ह्या वेळी पाटी ह्यांच्या मांडीवर द्या.