साक्षीदार मेलबर्नला, दावा कऱ्हाडला

प्रश्न : सासूबाईंनी मृत्युपत्र करून राहतं घर आमच्या नावावर केलं. त्यावर आता दिरांनी दावा घातलाय. मृत्युपत्रावरच्या दोन साक्षीदारांपैकी एक वारले. दुसरे आमचे शेजारी, पण ते मुलाकडे मेलबर्नला कायमचे गेलेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपत नाही. त्यांची साक्ष व्हिडिओवर घ्यावी असा अर्ज आम्ही दिलाय. दीर म्हणतात, ‘‘कॅमेऱ्यामागून मुलगा पढवील, ते कोण बघणार?’’ ताई, कोर्ट त्यांचं ऐकेल का? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : रागावू नका, पण दिरांची शंका रास्त आहे. मी त्यांची वकील असते तर पहिली हरकत हीच घेतली असती. फक्त तिच्यावर उपाय आहे, आणि तो तुम्हीच आधी पुढे करायचा.

व्हिडिओवर साक्ष चालते का, हा वाद केव्हाच मिटलाय. मुंबईतल्या एका फौजदारी खटल्यात न्यूयॉर्कच्या कर्करोगतज्ज्ञाची साक्ष अशी घ्यायला सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये परवानगी दिली. (त्यातले आरोपी डॉक्टर पुढे २०१३ मध्ये निर्दोष सुटले, तो भाग निराळा.) २०१६ मध्ये तर २६/११ च्या कटातल्या डेव्हिड हेडलीनं अमेरिकेत कैदेत असताना मुंबईच्या सत्र न्यायालयात साक्ष दिली, त्याचा उलटतपासही झाला. तेव्हा तुमच्या शेजारच्या काकांचं अडायला नको.

अडतं ते समोरच्या खोलीत कोण आहे यावर. मुंबई उच्च न्यायालयाचे २०२२ चे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे नियम आहेत. साक्षीदाराच्या बाजूला एक समन्वयक लागतो आणि साक्षीदार परदेशात असेल तर तो भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा अधिकारी असतो. खोलीत तिसरं कुणी नाही, साक्षीदाराजवळ फोन नाही, कुणी खुणावत नाही, चोरून रेकॉर्डिंग होत नाही, हे त्यानं बघायचं. म्हणून अर्जातच लिहा, की साक्ष मेलबर्नच्या भारतीय वाणिज्य दूतावासातूनच व्हावी. ‘काकांना घरीच बरं पडेल’ म्हणून कुणी घरच्या लॅपटॉपचं सुचवलं, तर ऐकू नका. मृत्युपत्राच्या दाव्यात आधीच सगळे संशयानं बघत असतात. घरून दिलेली साक्ष उद्या अपिलात झोडपली जाईल.

दुसरी गोष्ट, खुद्द मृत्युपत्र. काकांना साक्षीत सांगावं लागेल, की सासूबाईंनी माझ्यादेखत सही केली, त्यांच्यादेखत मी केली, आणि ही माझी सही. अस्सल कागद कोर्टाच्या ताब्यात असतो, तो ऑस्ट्रेलियाला जात नाही. त्याची सही-शिक्क्याची नक्कल आधी दूतावासाकडे पोचलेली हवी, आणि साक्षीच्या वेळी अस्सल कागद इथल्या डॉक्युमेंट व्हिज्युअलायझरखाली धरून पडद्यावर दाखवावा लागेल. हे यंत्र कोर्टात आहे का, चालतं का, हे तुमच्या वकिलांनी आठवडाभर आधी स्वतः जाऊन बघावं. निळ्या शाईची फिकट सही पडद्यावर पुसट दिसली, की काका चाचरणार. आणि ‘‘नीट दिसत नाही’’ एवढं त्यांनी म्हणायची खोटी, समोरचे वकील तेच धरून बसतील.

सरतपास, म्हणजे उलटतपासाआधीची आपल्या बाजूची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होईल. ते तिथंच, दूतावासातल्या अधिकाऱ्यापुढे करून घ्या. ओळखीसाठी भारत सरकारनं दिलेला कागद लागतो. काकांनी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते) सोबत ठेवायला सांगा.

वेळेचंही बघा. कऱ्हाडला अकरा वाजतात तेव्हा मेलबर्नला दुपारचे साडेतीन, आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेचार. जेवणानंतरची वेळ मिळाली तर तिथलं कार्यालय बंद झालेलं असेल. सकाळी पहिलंच प्रकरण आपलं घ्यावं, अशी लेखी विनंती करा, आणि दूतावासाची वेळ ठरल्याशिवाय कोर्टाकडून तारीख पक्की करून घेऊ नका. खर्च बहुधा तुमच्यावरच पडेल, तयारी ठेवा.

आणि दिरांनी आपला माणूस मेलबर्नच्या त्या खोलीत बसवायची परवानगी मागितली, तर तुम्ही विरोध करू नका. काका खरं बोलणार असतील, तर तो माणूस तुमच्याच कामाचा.