आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 50 वर्षं पूर्ण झाल्याच्या दौऱ्यात 1992 नंतरचं एकही गाणं नाही. नव्या चाहत्यांवर हा अन्याय नाही का? आणि सेटलिस्ट (कार्यक्रमात कोणती गाणी होणार याची यादी) आधी बघून जावं का?

नाही, अन्याय वगैरे काही नाही. आणि हे मी जुन्या गाण्यांनाच कवटाळून बसलेली म्हणून सांगत नाहीये. बाजारात आल्या आल्या मी विकत घेतलेला मेडनचा पहिला अल्बम म्हणजे 2000 सालचा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'. तुमच्या हिशेबाने ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्यातलीच मी.

तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' दौरा 27 मे 2025ला बुडापेस्टमध्ये सुरू झाला तेव्हा 17 गाण्यांत 1992च्या 'फिअर ऑफ द डार्क' अल्बमच्या पुढचं काही नव्हतं. 17 अल्बमपैकी शेवटच्या आठांतलं एकही नाही. पण हे कोणी लपवून ठेवलं नव्हतं. पहिल्या नऊ अल्बममधलीच गाणी होणार, हे त्यांनी दौरा जाहीर करतानाच सांगितलं होतं. ज्याला 2003चं 'पाश्चेंडेल'च ऐकायचं होतं त्याने या दौऱ्याचं तिकीट काढायलाच नको होतं.

शिवाय नव्या गाण्यांना एवढी जागा देणारा, एवढ्या वयाचा दुसरा बँड मला दाखवा. 2006मध्ये 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' आला तेव्हा सत्तर मिनिटांचा अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत स्टेजवर वाजवला. खालून लोक जुन्या गाण्यांसाठी ओरडत होते, तरी वाजवला. 2010च्या उन्हाळ्यात अमेरिकेत जवळजवळ सगळी यादी 2000 नंतरची होती. तेव्हा '80चं काहीच नाही' म्हणून बोंब. 2018मध्ये ब्लेझ बेली या 90च्या दशकातल्या गायकाच्या काळातली 'द क्लॅन्समन' आणि 'साइन ऑफ द क्रॉस' परत आणली. 2023मध्ये तर 'रन टु द हिल्स', 'द नंबर ऑफ द बीस्ट' आणि 'हॅलोड बी दाय नेम' ही तिन्ही एकदम बाहेर ठेवून 2021च्या 'सेन्जुत्सु' अल्बममधली गाणी घेतली, आणि 1986च्या अल्बममधलं 'अलेक्झांडर द ग्रेट' ल्युब्लियानामध्ये आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. त्यासाठी चाहते 37 वर्षं हात जोडत होते. ते मिळालं, तर दुसऱ्या दिवशी 'हॅलोड का नाही' यावर भांडण सुरू.

आता हा प्रश्न मला एवढा का झोंबला ते सांगते.

मेडन मला दादाने दिला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. त्याने मला 90 मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. एका बाजूला 'पीस ऑफ माइंड', ते कसंबसं मावलं. दुसऱ्या बाजूला 'पॉवरस्लेव्ह'. आता 'पॉवरस्लेव्ह' आहे 51 मिनिटांचा आणि कॅसेटची बाजू 45ची. शेवटचं गाणं 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर', साडेतेरा मिनिटांहून जास्त, इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवर बँडचा बास वाजवणारा स्टीव्ह हॅरिस याने रचलेलं. माझ्या कॅसेटवर ते आठव्या मिनिटाच्या आतच तुटायचं. ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल ही केवढी दुष्ट जागा आहे. गाणं मध्यावर पूर्ण थांबतं, जहाजाची लाकडं करकरतात, कवितेचे शब्द ऐकू येतात, मग बास हळूहळू उठायला लागतो, आणि आता सगळं फुटणार म्हणताना खटकन बटण वर यायचं. मी दादाला म्हटलं, उरलेलं दुसऱ्या कॅसेटवर दे ना भरून. तो म्हणाला, "पुढे काही नाही गं, तेच आहे परत."

तेच नाहीये. पुढे तर सगळं आहे! पण ते मला पुष्कळ वर्षांनी, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर एमपीथ्री मिळाली तेव्हा कळलं.

1 फेब्रुवारी 2008, शुक्रवार. 'समव्हेअर बॅक इन टाइम' दौऱ्याचा जगातला पहिला कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग 757 विमान चालवत बँड, कर्मचारी आणि सामानासकट आला होता. मी आणि दादा पुण्याहून सकाळच्या गाडीने गेलो. तिथली धूळ, रांग, काळ्या टी-शर्टांचा पूर, यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, मी लिहीत नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पहिलाच कार्यक्रम असल्यामुळे सेटलिस्ट जगात कोणाकडेच नव्हती. भर 80च्या दशकावर असणार एवढंच माहीत होतं. आपल्याकडे सगळं शिळं होऊन येतं अशी सवय लागलेली आमची पिढी, आणि त्या रात्री लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या पोरांना जे ठाऊक नव्हतं ते आमच्यासमोर उलगडत होतं. याचा मला आजही अभिमान वाटतो.

स्पीकरवर यूएफओ बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं, चर्चिलचं भाषण झालं आणि 'एसेस हाय'. 'फ्लाइट 666' या माहितीपटाबरोबरच्या कॉन्सर्टमध्ये हे गाणं मुंबईचंच आहे, बघून घ्या. मग एकामागून एक सगळी पाठ असलेली गाणी. आणि मग 'राइम'. वीसेक वर्षं त्यांनी ते वाजवलं नव्हतं. डिकिन्सन फाटका झगा घालून आला. मी दादाचा दंड धरला होता. गाणं मध्यावर आलं, दिवे मंदावले, लाकडं करकरायला लागली. माझ्या कानात त्या जागेवर अजूनही बटण वर येतं. मी श्वास धरून उभी होते की आता पुढचं येणार, खरंखुरं, समोर.

आणि दादा म्हणाला, "चल, पाणी पिऊन येऊ. हे अजून बराच वेळ चालेल."

तो गेला. आजूबाजूचेही बरेच जण गेले. माझ्या मागे एकजण त्या शांत भागात 'फिअर ऑफ द डार्क'साठी ओरडत होता. मी गेले नाही. बास उठला, गिटारी आल्या, डिकिन्सनची ती किंकाळी आली आणि मी रडले. बाकीचं मी लिहू शकत नाही.

परतीच्या वाटेवर रात्रभर भांडण. दादाचं म्हणणं, साडेतेरा मिनिटांत तीन गाणी झाली असती. 'रॅथचाइल्ड', 'रनिंग फ्री', 'सँक्च्युअरी'. लोक पैसे मोजून येतात, त्यांना हवं ते द्या. आणि शेवटी, "तुला काय कळणार, तू 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'वाली." हे वाक्य मी विसरलेले नाही. त्या यादीत 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'चं एक गाणं नव्हतं. त्यातलं 'ब्लड ब्रदर्स' मी आजपर्यंत प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. तरी मी तक्रार करत नव्हते, आणि त्याला हवी तशी सोळाच्या सोळा जुनी गाणी मिळूनही तो कुरकुरत होता.

घरी पोहोचलो तर बाबा चहा पीत बसले होते. आयुष्यभर सवाई गंधर्वला जाणारा माणूस, मेडनचा एक स्वर ऐकलेला नाही. दोघांचं ऐकून घेऊन ते दादाला म्हणाले, "अरे, गायचंय त्याला. काय गायचं ते तू कसं ठरवणार? आम्ही कधी ओरडतो का, मारवा नको, यमन घ्या म्हणून?" दादा म्हणाला, "मामा, पण तुमचे गवई दर बैठकीला वेगळं गातात. हे लोक जगभर तेच वाजवत फिरतात."

हा मुद्दा बिनतोड वाटतो, आणि चाहत्यांच्या भांडणात तो दर दौऱ्याला येतो, म्हणून उत्तर देते. मेडनचा कार्यक्रम गाण्यांचा ढीग नाही, बसवलेला प्रयोग आहे. कोणत्या गाण्याला मागचं चित्र कोणतं, एडी, म्हणजे बँडच्या मुखपृष्ठांवरचा तो राक्षसी पुतळा, कधी स्टेजवर चालत येणार, आग कुठे उडणार, 2018मध्ये 'एसेस हाय'ला डोक्यावर स्पिटफायर लढाऊ विमान कधी तरंगणार, हे सगळं गाण्याला बांधलेलं असतं. मधलं एक गाणं बदललं की दिव्यांपासून कपड्यांपर्यंत सगळं हलतं. ज्यांना रोज वेगळी यादी हवी त्यांनी ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकावीत, ती परंपरा वेगळी आहे आणि चांगलीच आहे.

आणि लोकांना निवडू द्यायचं म्हणता? मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडने 2014मध्ये तेही करून पाहिलं. 'बाय रिक्वेस्ट' नावाचा दौरा, तिकीट काढणाऱ्यांनी मतं देऊन यादी ठरवायची. निघालं काय? गावोगाव बहुतेक तीच, 'मास्टर ऑफ पपेट्स', 'वन', 'एंटर सँडमन'. दुर्मीळ गाणी हवीत म्हणून रोज भांडणारे मतदानाला कुठे गेले होते? मतावर सोडलं असतं तर 'अलेक्झांडर द ग्रेट' आजही स्टेजवर आलं नसतं, आणि मुंबईत 'राइम' तर नक्कीच झालं नसतं. पाणी प्यायला गेलेल्यांची संख्या मी डोळ्यांनी पाहिली आहे.

माझं मत स्पष्ट आहे. यादी वाजवणाऱ्याने ठरवावी, आणि तिला काहीतरी अर्थ असावा: हा काळ, हा अल्बम, ही कथा. प्रत्येक अल्बमचं एकेक गाणं घालून सगळ्यांना खूश करणारी यादी म्हणजे लग्नाच्या बुफेतलं ताट. 50 वर्षांच्या दौऱ्यासाठी पहिले नऊ अल्बम हा ठाम निर्णय आहे, आणि तो मला पटतो, माझं आवडतं एकही नवं गाणं त्यात नसताना पटतो.

दादा आता लंडनला असतो. 28 जून 2025ला तो लंडन स्टेडियमला गेला होता. सुरुवातीलाच 'मर्डर्स इन द रू मॉर्ग', 'रॅथचाइल्ड', 'किलर्स', 'फँटम ऑफ द ऑपेरा', सगळी पहिल्या दोन अल्बमचा गायक पॉल डिआनो याच्या काळातली, आणि तो माणूस जाऊन वर्षही झालं नव्हतं. दादाचा रात्री व्हॉइस मेसेज, आवाज बसलेला, खूप खूश. आणि शेवटी, "फक्त ते राइम पुन्हा घातलंय, उगाच." म्हणजे पहिल्या चार गाण्यांत जन्माची इच्छा पूर्ण झाली तरी तक्रार आहेच! चाहत्यांची समजूत काढत यादी बनवणाऱ्या कुठल्याही बँडचं भलं होणार नाही, याला याहून मोठा पुरावा मला नको.

आता काही गोष्टी मान्य करते. भारतातल्यांचं दुखणं वेगळं आहे आणि ते खरं आहे. लंडनच्या माणसाचा एक दौरा हुकला तर पुढचा मिळतो. आपल्याला 2008ला मुंबईत 80चं दशक मिळालं, म्हणून 2010ची ती नव्या गाण्यांची यादी काही इथे आली नाही. तुम्ही परदेशात जाऊन आयुष्यात एकदाच बघणार असाल आणि तुमचा जीव 2003च्या 'डान्स ऑफ डेथ' अल्बममध्ये असेल, तर तुम्हाला वाईट वाटणं मला समजतं. तो अन्याय नाही, पण नुकसान आहे. आणि डिकिन्सनचं वय (जन्म 1958), कर्करोगाच्या उपचारांतून गेलेला गळा, ड्रमर निको मॅकब्रेनने डिसेंबर 2024मध्ये दौरे थांबवल्यानंतर त्याच्या जागी बसलेला सायमन डॉसन, हे सगळं पाहता यादी ठरवताना फक्त कलेचाच विचार होत असेल असं मीही म्हणत नाही. शिवाय एक तक्रार माझीही आहे: 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स', 18 मिनिटांचं, पियानोवर सुरू होणारं, आजवर कधीच स्टेजवर आलेलं नाही. त्यासाठी मी 'रन टु द हिल्स', 'द ट्रूपर' आणि आणखी एखादं आनंदाने सोडेन.

सेटलिस्ट आधी बघावी का? एवढा पैसा घालून, व्हिसा काढून जाणार असाल तर तिकीट काढण्यापूर्वी जरूर बघा, म्हणजे तिथे जाऊन चिडचिड होणार नाही. तिकीट हातात आलं की बघणं बंद करा. या दौऱ्यात मॅनेजर रॉड स्मॉलवुडने लोकांना फोन खिशात ठेवायची विनंती केली आहे, तीही पाळा. एवढं मात्र आधीच सांगून ठेवते, 2025च्या यादीत '2 मिनिट्स टु मिडनाइट' संपलं की 'राइम' येतं. पाणी त्याच्या आधी पिऊन घ्या.