संध्याकाळीच येणारा हम

प्रश्न : टर्नटेबलसाठी घरीच व्हॉल्व्हचा फोनो प्रीअँप्लिफायर (तबकडीचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र) बांधला आहे. दोन ईसीसी-८३ व्हॉल्व्ह आहेत. हीटरना, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारांना, डीसी दिला आहे : १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८१२ (दाब १२ व्होल्टला स्थिर ठेवणारा रेग्युलेटर), त्याच्या मधल्या पायात एक डायोड. सकाळी यंत्र अगदी शांत असतं. संध्याकाळी सातनंतर मात्र हम, म्हणजे सततची गुणगुण, सुरू होतो, हार्मोनियमच्या पांढरी पाचला जवळजवळ मिळणारा. मीटरवर घरातल्या विजेचा दाब सकाळी २३६ आणि संध्याकाळी २०४ व्होल्ट दिसतो. कपॅसिटर दहा हजारांचा करू, की राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावू?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुम्ही दोन वेळचा दाब मोजून कळवलात, सूरही ओळखलात. निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. पांढरी पाच खालच्या सप्तकात ९८ हर्ट्झला येते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ब्रिजमधून गेल्यावर तिची लहर १०० हर्ट्झची होते. तुम्हाला ऐकू येते ती हीच.

तरी आधी खात्री करून घ्या. १९८९ साली मी नारायण पेठेतल्या खोलीत पहिला फोनो बांधला तेव्हा हीटरना सरळ ६.३ व्होल्ट एसी दिला होता. हम जाईना म्हणून अर्थच्या तारा तीनदा उपसून पुन्हा जोडल्या, शिल्डेड वायर बदलली. एका रात्री तबकडी चालू असताना सॉकेटवरचा हीटरच्या तारेचा डाग सुटला. हम त्या क्षणी थांबला, गाणं मात्र चालूच! कॅथोड (हीटरने तापणारा व्हॉल्व्हमधला भाग) तापलेला असल्यामुळे काही सेकंद स्वच्छ आवाज आला आणि मग विझत गेला. तेव्हापासून मी हीच चाचणी करतो. हीटरच्या एका तारेत छोटा स्विच घाला, संध्याकाळी हम चालू असताना तो बंद करा. हम चटकन तुटला तर दोष हीटरचाच. आवाजाबरोबर हळूहळू विरला तर तो एचटी (व्हॉल्व्हना दिलेला उच्च दाब) किंवा अर्थकडून येतो आहे. स्विच आधी, सगळं बंद असताना जोडून घ्या. आतमध्ये अडीचशे व्होल्ट आहेत, चालू यंत्रात हात घालू नका.

आता तुमचा हिशेब. १२ चा ट्रान्सफॉर्मर २०४ व्होल्टला १०.६ देतो. त्याचं शिखर १५, ब्रिजच्या दोन डायोडांत १.८ जातात, उरले १३.२. दोन व्हॉल्व्ह १२.६ व्होल्टला मिळून ३०० मिलिअँपिअर ओढतात, म्हणजे ४७०० च्या कपॅसिटरवर सुमारे ०.६ व्होल्टची लहर. लहरीच्या तळाला राहिले १२.६. डायोडमुळे तुमचा ७८१२ तेवढेच बाहेर काढू पाहतो, आणि त्याला काम करायला वर आणखी दोन व्होल्ट लागतात. ते मिळत नाहीत म्हणून तो लहर तशीच पुढे सोडतो. सकाळी २३६ ला हाच तळ १५ च्या आसपास राहतो, गरज १४.६ ची. अर्ध्या व्होल्टाहूनही कमी अंतरावर तुमची सकाळची शांतता उभी आहे.

दहा हजारांचा कपॅसिटर लहर निम्मी करेल, म्हणजे तुम्हाला ०.३ व्होल्ट मिळतील. कमी पडताहेत दोन. शिवाय कपॅसिटर जितका मोठा, तितके त्याला भरणारे विजेचे झटके तीव्र, आणि तेही ऐकू येऊ शकतात. तो खर्च करू नका. तपकीर गल्लीतून १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणा. २०४ लाही तळ १६ च्या वर राहील. सकाळी मात्र ७८१२ वर दोन वॉट उष्णता होईल, तेव्हा त्याला बऱ्यापैकी हीटसिंक लावा. हीटसिंकशिवाय तो चालवू नका.

अ‍ॅडॉप्टरबद्दल : १२ व्होल्ट म्हणजे ५ टक्के कमी, व्हॉल्व्हला चालतात. पण थंड हीटर सुरुवातीला कितीतरी जास्त करंट ओढतो, त्यामुळे छोटे अ‍ॅडॉप्टर चालू-बंद होत राहतात. शिवाय त्यांचं आउटपुट कशालाच बांधलेलं नसतं. मी स्वतः लावणार नाही. त्यापेक्षा यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी एका संध्याकाळी हीटरना जोडून पाहा, तारेत फ्यूज घालून. तुमचा फोनो किती शांत होऊ शकतो ते त्या दिवशी कळेल. ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर तिथपर्यंत पोहोचायचं आहे.

फोनोत एवढी काळजी का, हेही सांगतो. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. १९५४ पासून चालत आलेल्या, तबकड्यांसाठी ठरलेल्या आरआयएए वक्राप्रमाणे आपण खालचे सूर उचलून धरतो : १०० हर्ट्झला १३ डेसिबल, ५० ला १७. मधल्या सुरांना शंभरपट वाढवणारा तुमचा फोनो १०० हर्ट्झला साडेचारशेपट वाढवतो. पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल आत येतो त्या टोकावर) दहा मायक्रोव्होल्ट शिरले तर बाहेर साडेचार मिलिव्होल्ट होतात. लाइन अँप्लिफायरमध्ये हेच कानावरही येत नाही.

एक जोडणी तुम्ही लिहिलेली नाही. हीटरच्या डीसीची ऋण बाजू चासीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) बांधली आहे ना? अधांतरी ठेवू नका. ती तार ७८१२ च्या पुढून, एकाच ठिकाणी न्या. ब्रिज आणि कपॅसिटर यांच्या मधून काढलीत तर भरण्याचे झटके अर्थच्या तारेतून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत जातील, आणि नवा ट्रान्सफॉर्मर आणूनही गुणगुण तशीच राहील. तो ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजपासून हातभर लांब ठेवा. डबा बंद करण्याआधी तो थोडा वळवून पाहा, कोणत्या दिशेला सर्वांत शांत वाटतं ते ऐका, आणि मगच स्क्रू आवळा.