तलावातला गाळ शेतात टाकायला अनुदान मिळतं का?

हो, मिळतं, पण तुम्ही अल्प किंवा अत्यल्पभूधारक (५ एकरांपर्यंत) असाल तर. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेच्या २०२३च्या शासन निर्णयानुसार शेतात टाकलेल्या गाळाला घनमीटरमागे ३५.७५ रुपये, एकरी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. मर्यादा अडीच एकरांची, म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना जमीन जास्त असली तरी लाभ आहे. दर बदलू शकतात, तेव्हा अर्जाआधी तालुक्याच्या जलसंधारण कार्यालयात एकदा विचारा.

एकट्याने जेसीबी लावू नका. मागणी ग्रामपंचायतीमार्फत जाऊ द्या, कारण अनुदान मोजलेल्या गाळावर ठरतं आणि मोजणीत नसलेल्या खेपेचे पैसे मिळत नाहीत. शिवाय योजनेत फक्त गाळ काढता येतो, वाळू उपसायला बंदी आहे.

आणि एक, गाळ मुरमाड, हलक्या रानातच टाका. आधीच चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, भारी काळ्या जमिनीत तो टाकला तर पावसाळ्यात पाणी मुरत नाही आणि तूर उभ्याउभ्या पिवळी पडते. आधी मातीपरीक्षण करून घेतलंत तर फार बरं.