रिपोर्टमध्ये यीस्टची ॲलर्जी आली, आता?

प्रश्न : वय २९. लहानपणापासून इसब आणि दमा. कोपरांच्या खळग्यातलं इसब बरं झालं, पण कपाळ, पापण्या, मान कायम लाल. घाम आला की आग होते. तपासणीत ‘मॅलासेझिया आयजीई पॉझिटिव्ह’ आलं. पोटात यीस्ट वाढलंय असं कुणीतरी सांगितलं म्हणून तीन महिने पाव-साखर बंद केली. वजन उतरलं, चेहरा तसाच. हे यीस्ट कायमचं कसं घालवायचं?

उत्तर : कायमचं जाणार नाही. ते माझ्याही कपाळावर आहे. मॅलासेझिया या यीस्टला, म्हणजे त्वचेवरच्या सूक्ष्म बुरशीला, स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ते त्वचेच्या तेलावर पोसतं. टाळू, चेहरा, मान, छातीचा वरचा भाग ही त्याची जागा. तुमचं इसब नेमकं तिथेच उरलंय. मला रिपोर्टपेक्षा हे जास्त बोलकं वाटतं. पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग नव्हे. इसबाच्या त्वचेचं कवच गळकं असतं, यीस्टची प्रथिनं आत जातात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिद्रव्यं, बनवतं. तसा रिपोर्ट आला तरी यीस्टचा काहीच त्रास नसलेले इसबाचे रुग्णही मी पाहते.

घामाची आग मनाचा खेळ नाही. हिरोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांना २०१३ मध्ये घामात याच यीस्टचं एक प्रथिन ॲलर्जीकारक म्हणून सापडलं. घाम आला की साध्या पाण्याने धुवा, टिपा, लगेच मॉइश्चरायझर लावा.

पाव मात्र खा हो! त्यातलं यीस्ट वेगळ्या जातीचं, आणि भट्टीत मरतं. पोटातल्या यीस्टचं खूळ जुनंच आहे. कॅन्डिडा या दुसऱ्या यीस्टमुळे सगळं अंग बिघडलंय असं मानलेल्या ४२ स्त्रियांना अमेरिकेत नायस्टॅटिन हे बुरशीनाशक आणि बनावट औषध आलटून पालटून दिलं होतं. १९९० मध्ये निकाल आला. योनीमार्गाच्या तक्रारी घटल्या, बाकी अंगभरच्या तक्रारींत बनावट औषधाहून फरक नाही.

त्वचारोगतज्ज्ञांना विचारून काही आठवडे बुरशीनाशक मलम किंवा शाम्पू वापरून पाहा. गोळ्या काहींना लागू पडतात, पण यकृताची तपासणी आणि चालू औषधांची यादी दाखवल्याशिवाय घेऊ नका. पापण्यांना स्टिरॉइड मलम स्वतःच्या मनाने तर नकोच.

दम्याचा पंप स्टिरॉइडचा असेल तर ओढल्यावर चूळ भरून थुंकता ना? कॅन्डिडाचे पांढरे चट्टे तोंडात येतात ते बहुधा ती राहून गेल्यामुळे.